ग्रंथालयात सापडलेले महाबळेश्वर

गेल्या वर्षी जानेवारीत आमच्या शाळेची सहल महाबळेश्वरला गेली होती. ऐंशी मुले, दोन एस. टी. गाड्या आणि आम्ही पाच शिक्षक. केट्स पॉइंटच्या कड्यावर उभे राहून आमचा वाटाड्या सांगत होता, "गव्हर्नर माल्कम साहेबांची मुलगी केट, तिच्या नावावरून हे नाव पडले." नववीतल्या एका मुलाने मला हळूच विचारले, "सर, ती यायच्या आधी या जागेला काय म्हणत होते?" मी इतिहासाचा शिक्षक, मुलाच्या प्रश्नाला उत्तर नाही म्हणणे जिवावर आले. "आधी इथे नुसते जंगल होते," असे सांगून मी वेळ मारून नेली. पसरणीचा घाट उतरताना ते वाक्य मला बोचत राहिले. जंगलाला नावे नसतात, असे कोणी सांगितले?

माझे उत्तर चुकीचे होते हे कळायला तीन आठवडे लागले, आणि ते कळले ते ग्रंथालयात. ती हकीकत या स्मरणिकेच्या वाचकांपुढे मांडावी, असे दोन कारणांनी वाटले. एक तर महाबळेश्वर आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिलेले आहे. दुसरे कारण ओघात येईलच.

मुंबई इलाख्याचे गॅझेटिअर हे नाव अनेकांनी ऐकलेले असते. ते उघडून पाहिलेले फार थोडे असतात. इंग्रज सरकारने जिल्ह्या-जिल्ह्याची माहिती गोळा करून हे जाडजूड खंड छापले. जेम्स कॅम्पबेल नावाच्या अधिकाऱ्याने त्यांचे संपादन केले. सातारा जिल्ह्याचा खंड एकोणिसावा. तो १८८५ साली प्रसिद्ध झाला. डोंगर, नद्या, पिके, जाती, व्यापार, जमीनमहसूल अशी प्रकरणे आणि शेवटी एकेका गावाचे वर्णन, अशी त्याची रचना आहे. भाषा इंग्रजी, आणि तीही सरकारी खात्याची. तरी दहावी झालेल्या मुलाला शब्दकोश शेजारी ठेवून त्यातले एक पान वाचता यावे, इतकी ती सोपी आहे. एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवली पाहिजे. जुन्या कागदांत महाबळेश्वर शहर 'मालकमपेठ' या नावाने येते. नुसते 'महाबळेश्वर' म्हणून शोधत बसल्यास कित्येकदा हाती लागते ते जुने क्षेत्र, जिथे पाच नद्यांच्या उगमाचे मंदिर आहे. माझे पहिले दोन दिवस या घोळात गेले.

तिसऱ्या दिवशी केट्स पॉइंट सापडला. त्याचे स्थानिक नाव नाके खिंड. पुढे आणखी सापडले. महाबळेश्वरातले सर्वांत उंच ठिकाण, सुमारे १४३८ मीटर उंचीचे, आज विल्सन पॉइंट म्हणून ओळखले जाते. सर लेस्ली विल्सन हे १९२३ ते १९२८ या काळात मुंबईचे गव्हर्नर होते. त्यांच्या आधी त्या माथ्याचे नाव सिंडोला होते. लॉडविक पॉइंटचे तर एकाच शतकात दोनदा बारसे झाले. प्रथम सर सिडनी बेकविथ या सेनापतींच्या नावाने तो सिडनी पॉइंट झाला. हे बेकविथ १८३१ च्या जानेवारीत महाबळेश्वरीच वारले. त्यांचे स्मारक अजून उभे आहे. नंतर जनरल लॉडविक यांच्या मुलाने १८७४ साली तिथे बापाचा स्तंभ उभारला आणि कड्याला लॉडविकचे नाव मिळाले. म्हणजे साहेबाच्या नावावर साहेबाचे नाव चढले. त्या दोन्हींच्या खाली काय होते, हे विचारायला मात्र कोणी उरले नाही.

आर्थर सीटची कथा सगळेच सांगतात: आर्थर मॅलेट नावाच्या साहेबाची बायको-मुले सावित्री नदीत बुडाली आणि तो या कड्यावर बसून नदीकडे पाहत राही. कथा ऐकताना मुली रडवेल्या होतात. परंतु दुसऱ्या काही पुस्तकांत हेच नाव सर जॉर्ज आर्थर या गव्हर्नरांवरून पडले असे म्हटले आहे. हे सर जॉर्ज १८४२ ते १८४६ या काळात मुंबईचे गव्हर्नर होते. कोणते खरे, याचा निकाल देण्याची माझी योग्यता नाही. मुलांना मी दोन्ही सांगतो. छापलेले पुस्तक दुसऱ्या छापलेल्या पुस्तकाला खोटे पाडू शकते, हे मुलांनी एकदा डोळ्यांनी पाहिले की पाठ्यपुस्तकाकडेही ती जरा जागेपणी पाहू लागतात.

आता शहर वसले कसे ते थोडक्यात सांगतो. पेशवाई बुडाल्यावर इंग्रजांनी प्रतापसिंह महाराजांना साताऱ्याच्या गादीवर बसविले, तेव्हा हा डोंगर त्यांच्या राज्यात होता. १८२४ च्या उन्हाळ्यात साताऱ्याच्या पलटणीवरील लॉडविक साहेब डोंगर चढून आले. पुढे रेसिडेंट कर्नल ब्रिग्ज यांनी वर बंगली बांधली आणि महाराजांकडून साताऱ्याहून वर येणारा रस्ता करविला. १८२८ साली गव्हर्नर सर जॉन माल्कम आले. हवा आवडली, आजारी गोऱ्या सैनिकांसाठी येथे आरोग्यधाम करावे असे त्यांनी ठरविले. मे १८२९ मध्ये करार झाला. महाराजांनी हा डोंगर दिला आणि त्या बदल्यात कंपनी सरकारने त्यांना वाई प्रांतातले खंडाळा हे गाव दिले. हे खंडाळे लोणावळ्याजवळचे नव्हे; मुलांचा येथे हमखास घोटाळा होतो.

एका गावाच्या मोबदल्यात एक डोंगर. कागदावर दोन्ही पक्ष राजीखुशीने सही करतात. पण सही करणारा राजा कोणाच्या मेहेरबानीवर गादीवर होता, हे विसरता येत नाही. दहाच वर्षांनी, १८३९ साली, त्याच सरकारने प्रतापसिंहांना पदच्युत करून काशीस पाठविले. तेथेच १८४७ साली ते वारले. त्यांची बाजू मांडण्यासाठी विलायतेस गेलेले रंगो बापूजी गुप्ते आपण पाठ्यपुस्तकात वाचतो. त्या काळच्या इंग्रजी कागदांत महाराजांचे वकील म्हणून आणखी एक नाव येते: मीर अफझल अली. सातारच्या मराठा छत्रपतीची फिर्याद घेऊन समुद्रापार गेलेला हा मुसलमान वकील मला कोणत्याही शालेय पुस्तकात भेटला नव्हता. त्याच्यावर कोणीतरी स्वतंत्रपणे लिहिले पाहिजे. ते काम मोठे आहे. येथे फक्त नाव नोंदवितो. प्रतापसिंहांनंतर गादीवर आलेले त्यांचे बंधू आप्पासाहेब महाराज यांनी १८४२ साली वेण्णा तलाव बांधविला. नावेत बसणाऱ्या शंभरांपैकी एकाला तरी हे ठाऊक असते की नाही, शंका आहे.

गव्हर्नर, राजे, तलाव, रस्ते ही झाली शहराची दर्शनी बाजू. गॅझेटिअरची पाने सावकाश उलटली की मागची बाजू दिसू लागते. महाबळेश्वरच्या बाजारात स्ट्रॉबेरी घेताना आपण तिच्या २०१० साली मिळालेल्या भौगोलिक मानांकनाचे कौतुक करतो, ते रास्तच आहे. पण या डोंगरावर विलायती भाजीपाला आणि बटाटा यांच्या लागवडीला वळण लावले ते कैद्यांनी. १८३० नंतरच्या दशकात सिंगापूर, पिनांग, मलाक्का या भागांतून जन्मठेपेचे चिनी आणि मलायी कैदी येथे आणून ठेवण्यात आले. आपल्याकडचे कैदी समुद्रापार तिकडे आणि तिकडचे इकडे, असा कंपनी सरकारचा व्यवहार होता. परक्या मुलखात पळून जायचे कोठे? त्यांच्याकडून रस्त्यांची कामे करून घेतली गेली, बागा करविल्या गेल्या. १८६४ साली तुरुंग मोडला. मागे उरले ते 'चायनामन्स फॉल' हे धबधब्याचे नाव.

मी वाचलेल्या मजकुरात या कैद्यांपैकी एकाचेही नाव नाही. त्यांच्यातले मलायी बहुधा मुसलमान असावेत. आमच्या वर्गात हा भाग मी सांगितला तेव्हा एका मुलीने विचारले, "सर, मग ते ईद कुठे करत असतील?" गॅझेटिअर याचे उत्तर देत नाही. तथापि हा प्रश्न कैद्यांच्या संख्येपेक्षा अधिक इतिहासाचा आहे असे मला वाटते, आणि कधीतरी तुरुंगखात्याच्या जुन्या कागदांत त्याचा धागा सापडणे अशक्य नाही.

आणि आता या लेखाचे दुसरे कारण. डोंगरावर राहणाऱ्या लोकांची यादी गॅझेटिअरात आहे. कुळवाडी, कोळी, धनगर आणि चौथे नाव धावड. हे धावड मुसलमान आहेत, दगडातून लोखंड गाळणे हा त्यांचा धंदा होता आणि तो आता बंद पडला आहे, अशा अर्थाचा मजकूर तेथे आहे. मी पुन्हा वाचला. मग मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी शब्दकोश काढला. त्याची दुसरी आवृत्ती १८५७ ची. त्यात 'धावड' हा शब्द आहे. अर्थ दिला आहे लोखंड गाळणारी जमात, आणि या भागात ते लोक मुसलमान आहेत अशी नोंदही आहे. म्हणजे दोन वेगवेगळे ग्रंथ, दोन वेगवेगळ्या हेतूंनी लिहिलेले, एकच गोष्ट सांगत होते. केट साहेबीण येण्यापूर्वी त्या 'नुसत्या जंगलात' भट्ट्या पेटत होत्या, आणि त्या पेटविणारे हात आपल्या माणसांचे होते.

त्यांचे काम कसे चाले हे समजून घेण्यासारखे आहे. महाबळेश्वरचे पठार जांभ्या दगडाचे आहे. हा दगड तांबडा दिसतो तो त्यातील लोहामुळे. ज्या खड्यांत लोह अधिक ते वेचायचे, फोडायचे, धुऊन माती काढून टाकायची. मातीची उभी भट्टी करायची. तीत कोळसा आणि खडे यांचे थर द्यायचे आणि खालून भात्याने वारा घालीत राहायचे. थांबता येत नाही; आच उतरली की सगळे वाया. या भट्टीत लोखंड पाण्यासारखे वितळत नाही. दगडातला कचरा रसासारखा पाझरून निघतो आणि आत स्पंजासारखा लोखंडाचा गोळा उरतो. तो लालभडक असतानाच बाहेर ओढून घणांखाली घालायचा, तेव्हा त्यातली उरलेली मळी झडते. मग ते लोखंड लोहाराकडे जाते आणि त्याचे कुऱ्हाड, कोयता, नांगराचा फाळ होतात. जेथे अशा भट्ट्या होत्या तेथे काळी, जड, भोके पडलेली मळी शेतात शतकानुशतके पडून राहते. दगड म्हणून आपण ती पायाने उडवतो.

हा धंदा का मोडला? एक तर विलायतेहून जहाजांनी आलेले स्वस्त लोखंड आगगाडीने देशभर पसरू लागले. दुसरे म्हणजे कोळसा. थोड्या लोखंडासाठी कितीतरी पट लाकूड जाळावे लागते. १८६५ आणि १८७८ च्या कायद्यांनी सरकारने जंगले आपल्या ताब्यात घेतली, आणि बापजाद्यांपासून ज्या रानात कोळसा पाडला त्या रानात पाऊल टाकणे गुन्हा ठरला. येथे एकतर्फी बोलणे मला योग्य वाटत नाही. भट्ट्यांनी जंगल खाल्ले हेही खरे आहे, आणि आज महाबळेश्वरला जी दाट झाडी आपण पाहतो तिला त्या बंदीचा हातभार लागलेला आहे. पण झाडे राखण्याची किंमत कोणी मोजली, हे लिहिताना त्या चौथ्या नावापुढे खूण केली पाहिजे. साहेबांच्या बंगल्यांतल्या शेकोट्यांना लाकूड मिळतच होते.

हे वाचून मी एका सहकाऱ्यांना उत्साहाने सांगितले. ते म्हणाले, "पण सर, स्मरणिकेत हे कशाला? लोकांना वाटेल आपले पूर्वज कोळसा पाडत होते." मला त्यांचा राग आला नाही, कारण हीच आपली सर्वांची सवय आहे. आपल्या समाजात इतिहास म्हटला की गोलघुमट, ताजमहाल आणि सुलतानांच्या पदव्या. घराण्याची गोष्ट निघाली की शिजरा एका उडीत अरबस्तानात किंवा इराणात पोहोचतो. मधल्या पाचशे वर्षांत या सह्याद्रीत, या चिखलात आपले लोक काय करीत होते याचा कोणी शोध घेत नाही. मग बाहेरच्या कोणी विचारले, "तुम्ही इथले कधीपासून?" की आपली मुले गप्प बसतात. ताजमहाल दाखवून त्या प्रश्नाचे उत्तर होत नाही. ज्या माणसाने या डोंगराच्या दगडातून फाळ काढून या डोंगरच्या कुळवाड्याला दिला, त्याचे नाव सांगितले तर होते. फार तर ते उत्तर काजळीने माखलेले असेल.

अर्थात उलट दिशेनेही तोल जाऊ नये. धावडांची नोंद सापडली म्हणून महाबळेश्वर 'आमचे' असे म्हणणे हास्यास्पद ठरेल. यादीत चार नावे होती. धनगर आपली म्हसरे याच पठारावर चारीत होते, कोळी-कुळवाडी नाचणी-वरी पिकवीत होते, आणि कोयत्याला मुठी बसविताना कोणी कोणाला धर्म विचारला असेल असे मला वाटत नाही. शिवाय गॅझेटिअर हा काही धर्मग्रंथ नव्हे. राज्यकर्त्यांनी आपल्या सोयीसाठी तो लिहविला. कोण किती कर देईल, कोण बंड करील, ही त्यामागची नजर आहे. जातीजमातींच्या स्वभावाची वर्णने तर काही ठिकाणी इतकी उद्धट आहेत की वर्गात वाचून दाखविण्याची लाज वाटते. अशा ग्रंथातून माहिती घ्यावी, मत घेऊ नये.

विद्यार्थी मित्रांनो, आता तुमच्यासाठी चार गोष्टी. गॅझेटिअर हे इंग्रजी दार झाले. दुसरे दार मराठी कागदांचे आहे, आणि ते उघडण्याची अर्धी किल्ली तुमच्या हातात आहे, याची तुम्हांला कल्पना नाही. प्रतापसिंह महाराजांच्या काळचा कारभार मोडी लिपीत चाले. पुण्याच्या पुराभिलेखागारात, ज्याला जुने लोक पेशवे दप्तर म्हणतात, मोडी कागदांचे हजारो रुमाल बांधून ठेवलेले आहेत. सातारकर महाराजांच्या रोजनिशीचे कागदही तेथेच आहेत. 'रुमाल' म्हणजे कापडात बांधलेला कागदांचा गठ्ठा. रुमाल, दप्तर, रोजनिशी, जमाखर्च, हुकूम, अर्ज, तारीख, साल, मोहीम हे शब्द पाहा. घरी उर्दू कानावर पडणाऱ्या मुलाला यांतला कोणता शब्द परका वाटेल? मराठी राज्याच्या कागदांची भाषा फारसी-अरबी शब्दांनी भरलेली आहे. मराठी शाळेत शिकलेला आणि मकतबात गेलेला मुलगा ते कागद जितक्या लवकर समजू शकेल तितक्या लवकर फार थोडे जण समजू शकतील.

सर्वांत मजेची गोष्ट तारखेची. या कागदांत साल आकड्यांत नव्हे तर अरबी संख्यावाचक शब्दांत घातलेले असते. त्याला शुहूर सन म्हणतात. इहिदे म्हणजे एक, इसन्ने म्हणजे दोन, सलास तीन, अर्बा चार, खमस पाच, सीत सहा, सबा सात, समान आठ, तिस्सा नऊ. अशर म्हणजे दहा, अशरीन वीस, मया शंभर, मयातैन दोनशे, अलफ हजार. आधी एकं, मग दहं, मग शतक, मग हजार, असे ते उलटे वाचायचे. महाबळेश्वरचा करार झाला तो मे १८२९ शुहूर सनात मांडला तर होतो 'तिस्सा अशरीन मयातैन व अलफ'. नऊ, वीस, दोनशे आणि हजार, म्हणजे १२२९. हे वर्ष जूनच्या आरंभी, मृगाला सुरू होते. म्हणून कागद जून ते डिसेंबरमधला असेल तर ५९९ मिळवायचे आणि जानेवारी ते मेमधला असेल तर ६००. १२२९ मध्ये ६०० मिळविले की १८२९. आमच्या वर्गात हे गणित फळ्यावर मांडले तेव्हा अरबी गिनती येणाऱ्या पोरांनी इतर सर्वांच्या आधी उत्तर दिले. एरवी ही मुले इतिहासाच्या तासाला मागच्या बाकावर बसतात.

मोडी शिकणे अवघड नाही. पुराभिलेख खाते वेळोवेळी मोडीचे लहान वर्ग चालविते, त्यांच्या जाहिराती येतात. मी स्वतः असा वर्ग केला. सफाईने वाचता येते असे म्हणणार नाही. एका पानाला अजून एक संध्याकाळ लागते. इंग्रजी कागदांसाठी मुंबईला एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत राज्याचे पुराभिलेखागार आहे. पण आरंभ इतक्या दूरून करण्याची गरज नाही. जिल्ह्याच्या गावचे कोणतेही जुने नगरवाचनालय पुरे. साताऱ्याच्या नगरवाचनालयाला तर थोरल्या प्रतापसिंह महाराजांचेच नाव आहे. दत्तात्रय बळवंत पारसनीस यांचे 'महाबळेश्वर' हे १९१६ चे इंग्रजी पुस्तक मिळाले तर अवश्य पाहावे. त्यांनी साताऱ्यात जमविलेला ऐतिहासिक संग्रह १९३९ साली पुण्याच्या डेक्कन कॉलेजात गेला. जुनी गॅझेटिअरे आता राज्य सरकारने संगणकावर सर्वांना खुली केली आहेत, घरबसल्या वाचता येतात. तरीही पहिल्यांदा तरी प्रत्यक्ष ग्रंथ हातात घ्यावा. शोधलेल्या पानाच्या शेजारचे न शोधलेले पान ग्रंथातच दिसते. मला धावड असेच दिसले. मी शोधत होतो खिंडीचे नाव.

पालकांसाठीही एक विनंती आहे. एका वाचनालयात मी जुनी हजेरीपुस्तके आणि भेटवह्या मागितल्या, तेव्हा त्या मागच्याच वर्षी रद्दीत गेल्याचे कळले. ठिकाणाचे नाव लिहीत नाही. दोष देऊन कागद परत येणार नाहीत. परंतु घरोघरी तरी वेगळे काय होते? महाबळेश्वरच्या बाजारात तीन पिढ्या दुकान चालविणाऱ्या एका बुजुर्ग चाचांकडे मी गेलो होतो. त्यांच्याकडे पत्र्याची पेटी होती. भाडेपट्टे, मालाच्या पावत्या, एका हंगामाचे उधारीचे बाड. "सर, आणखी दोन पेट्या होत्या. एका पावसाळ्यात छत गळले, सगळ्याचा लगदा झाला. कोणाला वाटलं, हे कामाचं आहे म्हणून?" असे ते म्हणाले. वर्षाला दोनशे इंचांहून अधिक पाऊस झेलणाऱ्या गावात कागद टिकणे ही आधीच मुश्किलीची गोष्ट. त्या बाडात कोणता बंगला कोणाचा, कोण किती चहा-साखर नेत होते, कोणी पैसे बुडवले, घोडेवाल्याचे किती देणे राहिले, हे सगळे आहे. गव्हर्नरांच्या चरित्रात ते मिळायचे नाही. आपल्या घरी निकाहनामे, सनदा, जमिनीचे कागद, मरहूम वडिलांच्या दुकानाची चोपडी असेल तर ती फेकू नका. कोरड्या जागी ठेवा, डांबराच्या गोळ्या घाला, आणि शाळेतल्या पोराकडून एकदा त्यांची यादी करून घ्या. वाचता येत नाही म्हणून कागद निरुपयोगी होत नाही.

"इतिहासाला मार्क किती?" हा प्रश्न पालक-सभेत मला दरवर्षी विचारला जातो. पदवी, नोकरी यांची काळजी मला समजते. माझ्याही घरी ती आहे. म्हणून मी मुलांचा अभ्यासाचा वेळ घेत नाही. महिन्यातून एका रविवारी सकाळी दोन तास आम्ही वाचनालयात बसतो. प्रथम अकरा मुले होती, सध्या सात टिकली आहेत, त्यात चार मुली. त्यांनी एक वही केली आहे. डाव्या बाजूला महाबळेश्वरच्या ठिकाणांची आजची नावे, उजव्या बाजूला जुनी. उजवी बाजू बरीच रिकामी आहे. पण नाके खिंड आणि सिंडोला तेथे आले आहेत, आणि शेवटच्या पानावर 'धावड' या शब्दाखाली मुलांनी सहा प्रश्न लिहून ठेवले आहेत. त्यांची भट्टी नेमकी कोठे होती, हा पहिला. धंदा गेल्यावर ते कोठे गेले, हा दुसरा.

यंदाची सहल पुन्हा महाबळेश्वरलाच न्यावी असे ठरत आहे. काही मुले काळी मळी शोधायला पिशव्या घेऊन येणार आहेत. आणि नाके खिंडीवर वाटाड्याचे बोलून झाले की पुढची माहिती सांगण्याचे काम, तो प्रश्न विचारणारा मुलगा आता दहावीत आहे, त्याने मागून घेतले आहे.